तुमचा संघ आहे का?

मामांना कुणाचीही ओळख करून दिली की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "गाव कंचं?" आणि दुसरा, "तुमचा संघ हाय का?" माझ्या लग्नात त्यांनी माझ्या तमिळ टीम लीडलाही हेच विचारलं होतं, तेही मराठीत. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. (सकाळी मैदानावर भरतो तो संघ नव्हे हो! धंद्यातल्या माणसांचा संघ.)

मागच्या महिन्यात मामा डोळे दाखवायला पुण्याला आमच्याकडे आले होते. नेमकं त्याच दिवशी सोसायटीत लॉनचं काम निघालेलं. हल्ली हिरवळ लावत बसत नाहीत, चटईसारखी गुंडाळी करून टेम्पोतून आणतात. जमिनीवर उलगडली, पाणी मारलं की झालं. मामा चहा अर्धवट टाकून खाली गेले आणि टेम्पोवाल्याला गाठलं. "ही गवताची शेती करणाऱ्यांचा संघ हाय का?"

"काका, मी फक्त भाडं मारतो."

वर येऊन मला म्हणाले, "बघ रं, अमेरिकेत असंल." आणि निघाला की! 1967 साली तिकडच्या हिरवळवाल्यांनी 'अमेरिकन सॉड प्रोड्यूसर्स असोसिएशन' काढली, तिलाच आता 'टर्फग्रास प्रोड्यूसर्स इंटरनॅशनल' म्हणतात. अधिवेशनं भरवतात, एखाद्या सभासदाच्या शेतावर जमून यंत्रं चालवून दाखवतात. मी हे वाचून दाखवलं तर मामा मान डोलवत म्हणाले, "मग आपल्यासारखंच की."

आपल्यासारखंच म्हणजे महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघासारखं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेला हा संघ पुणे, नाशिक, सांगली आणि सोलापूर अशा विभागांत चालतो. ऑगस्टमध्ये मोठं अधिवेशन, छाटणीच्या आधी विभागवार चर्चासत्रं, आणि घरपोच येणारं 'द्राक्षवृत्त' मासिक. मी साताऱ्याचा, वडील शिक्षक, घरात शेती नाही. पण आजोळ तासगाव तालुक्यात. त्यामुळे लहानपणी 'चांदोबा' संपला की मी 'द्राक्षवृत्त' वाचायचो. त्यातलं काही कळायचं नाही, पण 'डाऊनी' नावाचा कुणीतरी खलनायक आहे एवढं पक्कं माहीत झालं होतं.

ज्यांचं आजोळ द्राक्षपट्ट्यात नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपल्याकडे तिला झोप नाही. म्हणून वर्षात दोनदा छाटायची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून नवी काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, तिच्यातून घड निघतो. गंमत म्हणजे ऑक्टोबरला दिसणारा घड काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यातच ठरलेला असतो. तेव्हा ऊन मिळालं नाही तर पुढं कितीही खतं घाला, उपयोग नाही. (आमच्या भाषेत सांगायचं तर बग एप्रिल-मेच्या बिल्डमध्ये, आणि क्रॅश दिवाळीत.)

अशा पिकात एकट्या माणसाचा निभाव लागत नाही, हे या लोकांना फार लवकर कळलं असावं. तासगावजवळच्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतून निवड करून वेगळा वाण पुढं आणला, तास-ए-गणेश. त्याच्या काड्या इतक्या बागांत पोचल्या की आज त्याला कुणी कुणाचा म्हणत नाही. आपल्याकडे कुणाला असं काही सापडलं असतं तर आधी पेटंट, मग प्रेझेंटेशन. असो.

खरं सांगायचं आहे ते 2010 चं.

त्याआधी 2003 मध्ये मिथोमिल नावाच्या कीटकनाशकाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडली होती. त्यातून धडा घेऊन बागांची नोंदणी आणि प्रयोगशाळेतली तपासणी आली, 2006 मध्ये 'अपेडा'ची ग्रेपनेट ही संगणक प्रणाली आली. कुठली पेटी कुठल्या बागेतली, हे युरोपात बसून कळावं अशी सोय. मी त्या काळात नोकरीत नवा होतो. मामांचा बाग-नोंदणी क्रमांक बघून "मामा, तुम्ही डेटाबेसमध्ये गेलात!" असं मोठ्या कौतुकानं म्हणालो होतो.

2010 मध्ये मात्र युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडलं. शेतकऱ्यांच्या तोंडी 'सीसीसी'. हे कीटकनाशकच नव्हे, वेलीची वाढ थोपवून घड तयार व्हायला मदत करणारं रसायन. सगळे वापरायचे. आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच! म्हणजे टेस्ट रिपोर्ट हिरवागार, कारण टेस्ट केसच लिहिलेली नाही. युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. एका कंटेनरमध्ये बारा-तेरा टन द्राक्षं धरली तर अख्ख्या कंटेनरला मिळून पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. हे कळलं तेव्हा कितीतरी माल समुद्रात होता.

मामांचाही त्यात होता. ज्यांना माल दिला त्यांनी पैसे दिले नाहीत. सोसायटीचं कर्ज थकलं, मामीच्या पाटल्या गेल्या. माझ्या आईनं विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "गेल्या न्हाईत, ठेवल्यात." त्या परत आल्याचं मला तरी आठवत नाही.

त्या वर्षी फळछाटणीच्या आधी तासगावात चर्चासत्र होतं. मी नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली होती, म्हणून ड्रायव्हर म्हणून गेलो. मंगल कार्यालय, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाठीमागं उभी असलेली गर्दी. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातून आलेले शास्त्रज्ञ सांगत होते की सीसीसी वेलीत साठून राहतं, आदल्या हंगामातलंसुद्धा पुढच्या घडात उतरू शकतं. मग त्यांनी विचारलं, कुणी किती वेळा मारलं होतं? नेमका आकडा कळला तर आम्हालाही अंदाज येईल.

हॉल चिडीचूप. सगळ्यांनी मारलेलं, पण पैसे अडकलेले, वाद चालू. बोलला तो अडकला.

मामा उठले. खिशातून डायरी काढली, चष्मा लावला आणि वाचायला लागले. एप्रिल छाटणीनंतर अमुक तारखेला एकदा, अमुक तारखेला दुसऱ्यांदा, प्रमाण इतकं. "आन् ऑक्टोबर छाटणीनंतर शेंडा जोरात हुता म्हणून आनखी एकदा. ते मारायला नको हुतं. कुणी सांगितलं न्हवतं, माझ्याच मनानं मारलं." आणि बसले. मग हळूहळू दुसरा उठला, मग तिसरा. अर्ध्या तासात फळा आकड्यांनी भरला.

परतताना मी म्हणालो, "मामा, हे निर्यातदाराच्या कानावर गेलं तर? पैसे कायमचे बुडतील."

"बुडालेतच. पर पुढल्या साली शेजाऱ्याच्या पेटीत घावलं तर माझी पेटी बी परत येणार. पेटीवर इंडिया लिवलेलं असतं, माझं नाव कोण बघतंय?"

आता माझी गोष्ट. त्याच वर्षी, चर्चासत्राच्या महिनाभर आधी, माझ्या एका स्क्रिप्टनं क्लायंटच्या प्रॉडक्शनमधल्या काही हजार नोंदी उडवल्या होत्या. बॅकअपवरून बऱ्याचशा परत आल्या. मूळ कारण शोधायच्या मीटिंगमध्ये 'एन्व्हायर्नमेंट इश्यू' असं लिहिलं गेलं. मी तिथंच बसलो होतो. पुढं तशीच चूक दुसऱ्या टीममधल्या एका मुलीकडून झाली, आणि तिचं अप्रेझल गेलं. त्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं असतं तर ती चूक तिच्याकडून झाली नसती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तासगावहून आल्यावरही नाही.

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, मे महिन्यातच पाऊस लागला आणि पुढं थांबेचना. नेमकं काडीत घड ठरायच्या वेळी ऊन नाही. भाऊबीजेला मामा साताऱ्याला आले तेव्हा आईनं ओवाळताना विचारलं, "बाग कशीय?" "वेल झकास हाय. घडच न्हाईत," असं म्हणून हसले. निघालेले बारीक घडही जिरले होते. मामेभाऊ म्हणतो, बाग काढा आणि ऊस लावा. ऊस कुणाच्या जिवावर बेतत नाही. मामा त्यावर काही बोलत नाहीत.

परवा पुण्याला येताना मात्र डोळ्यांच्या फायलीबरोबर त्यांनी एक पिशवी आणली. वीस-बावीस डायऱ्या. छाटणीच्या तारखा, पाऊस, फवारण्या, कुठल्या वर्षी किती घड धरले. "हे तुझ्या त्या एक्सेलमध्ये घाल. पुढल्या चर्चासत्राला न्यायचंय. कुठल्या साली कशानं घड गेले, पोरं बघतील."

"पण बाग ठेवणार आहात का?"

"ते नंतर बघू. तू टाईप कर."

दोन शनिवार-रविवार बसलोय, 2014 पर्यंत आलोय. अक्षर लागत नाही तिथं फोन करतो. 2009 च्या ऑक्टोबरचं पान आलं तेव्हा तिसरी फवारणी लाल शाईत लिहिलेली दिसली, खाली दोन रेघा. फोन करून विचारलं, हे वेगळं दाखवू का?

"लालच ठेव," मामा म्हणाले.