बोटीसाठी पुण्याहून निघताना

दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत मुंबईहून गोव्याच्या बोटीची तिकिटं काढली असतील, तर एक गोष्ट आधीच यजमानांच्या कानावर घाला. एस.टी. चुकली तर मागून दुसरी येते. बोट थांबत नाही, आणि सुटण्याच्या बरीच आधी तिची दारं बंद होतात. "तीन तासांत पोचू" हा हिशेब सुट्टीत धरूच नका. खंडाळ्याचा घाट तो हमखास मोडतो. आदल्या रात्रीच मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम केलात तर उत्तम. नाहीतर पहाटे पाचला घर सोडायचं, चहासुद्धा थर्मासमध्ये!

घाट उतरल्यावर चिर्ल्याहून अटल सेतू धरा. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा पूल जवळजवळ २२ किलोमीटरचा, त्यातला १६ किलोमीटरहून अधिक समुद्रावरून! मुलं "थांबा ना" म्हणतील, पण पुलावर गाडी थांबवायला बंदी आहे बरं का. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते खिडकीतून दिसले तर दिसले. पुढे बॅलार्ड पिअर. एके काळी विलायतेहून आलेले प्रवासी इथे बोटीतून उतरत आणि लगेच फ्रंटियर मेलमध्ये बसत.

गाडी परत न्यायला एखादा भाचा बरोबर असला की निम्मी काळजी मिटते. मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात, त्या खोलीत यायला वेळ लागतो. तेव्हा सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या, सगळ्यांची ओळखपत्रं आणि धाकट्याचा कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीतच हवा. चिवडा-लाडवांचा डबा मात्र बोटीवर बहुधा नेऊ देत नाहीत. तो घाटातल्या खोळंब्यातच संपवा.