सात कोंबड्या मोजून घेतल्या होत्या

आज कपाशी-तुरीचं काही नाही, कोंबड्यांचं लिहितो. यात चूक माझीच आहे, ते आधीच सांगून टाकतो.

माझं घर मस्तगडात, शेत शहराबाहेर. शेतावर ८ बाय ४ फुटांचं खुराडं आहे. त्यात ११ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. सोयाबीन काढायला दरवर्षी मंठ्याकडची एक जोडी येते. दिवाळी झाली की ती टोळीबरोबर ऊस तोडायला जाते, ती चैत्रात परत. लेकरं शाळेसाठी गावात आजीकडं राहतात. यंदा आजीच्यानं कोंबड्यांचं होईना, म्हणून ताई डालगं घेऊन शेतावर आल्या. "भाऊ, सात हायेत. आल्यावर मोजून घेईन," म्हणाल्या. मी हसत हसत हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डालगं उघडलं आणि सातही जणी माझ्या कोंबड्यांत सोडून दिल्या. दाणे टाकले आणि तुरीला पाणी द्यायला गेलो. मनात म्हटलं, कोंबड्याच त्या, होतील एक.

संध्याकाळी आलो तर सहा जणी बाभळीखाली एकमेकींना चिकटून बसलेल्या. सातवी, एक पांढरी तलंग, खुराड्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसून उभी. शेपटीच्या मुळाशी पिसं उपटलेली, रक्त आलेलं. माझी एक लाल कोंबडी आहे, तिला आम्ही कारभारीण म्हणतो. तिनं सुरुवात केली असणार, पण रक्त दिसल्यावर बाकीच्याही तुटून पडल्या. मी हळद-तेल लावलं आणि तिला परत तिथंच ठेवली. ही दुसरी चूक. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेलेली सापडली.

ताईंना फोन केला. पलीकडं फडातला आवाज. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती लेकीनं पिल्लापासून वाढवलेली होती भाऊ. बाकीच्या तरी सांभाळा."

त्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नव्या कोंबड्या किती दिवस वेगळ्या ठेवल्या?" एकही दिवस नाही. मानमोडीची लस झालीये का, अंगावर उवा-गोचीड आहेत का, काहीच बघितलं नव्हतं. म्हणजे भांडणाचं सोडा, रोगाचीही दारं मीच उघडी टाकली होती.

मग कारण समजून घेतलं. कोंबड्यांत एक उतरंड असते. वरची खालचीला टोचते, खालची निमूट बाजूला होते. थोरलीफ श्येल्डरप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसानं लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून हा क्रम १९२१-२२ च्या सुमारास पहिल्यांदा नीट मांडला. आपल्या आज्या-पणज्यांना तो आधीच ठाऊक असणार, लिहून ठेवला नाही एवढंच. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून, तुऱ्यावरून ओळखतात. उतरंड एकदा लागली की भांडण कमी होतं, कारण कोणी कोणाला वाट द्यायची ते ठरलेलं असतं. नवी आली की सगळी उतरंड पुन्हा रचावी लागते. जागा आणि दाणे कमी असतील तर ती रक्तानं रचली जाते.

माझा हिशेब इथंच चुकला होता. खुराडं ३२ चौरस फूट. १२ पक्ष्यांना अडीच फुटांच्या वर जागा होती. १९ झाल्यावर पावणेदोन फूटही वाट्याला येईना. दोन फुटांच्या खाली जाऊ नये, असं डॉक्टर म्हणाले. दाण्याचं भांडं एक, पाण्याचं एक. त्या भांड्यापुढं कारभारीण पहारेकऱ्यासारखी उभी.

मग केलं ते असं:

खुराडं दोन फुटांनी वाढवलं आणि मधे जाळी मारली. उरलेल्या सहा जणी जाळीपलीकडं १४ दिवस. दिसतं, ऐकू येतं, पण चोच लागत नाही. या काळात लस, जंताचं औषध आणि राखेत लोळायला एक जुनं टोपलं.

दाण्याची भांडी तीन, पाण्याची तीन, तीही लांब लांब. एकीनं एक अडवलं तरी दुसरं मोकळं.

पंधराव्या दिवशी अंधार पडल्यावर जाळी काढली आणि नव्या जणींना हातानं उचलून दांडीवर जुन्यांच्या मधे बसवलं. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती गप बसते. पण नुसतं रात्री ठेवून भागत नाही. उजाडायच्या आत मी तिथं हजर होतो. दार उघडलं आणि मेथीच्या जुड्या चार ठिकाणी टांगल्या. चोचीला काम मिळालं की दुसरीच्या पाठीवर ती कमी जाते.

मोकळ्या जागेत पऱ्हाट्यांचे दोन भारे आडवे टाकले. मार खाणारीला नजरेआड व्हायला जागा पाहिजे.

टोचाटोची झालीच. एक-दोन टोचे मारून विषय संपत असेल तर मधे पडू नका, उतरंड लागू द्या. पण रक्त आलं, किंवा एखादी दाण्याला येईचना, तर थांबायचं नाही. मी रोज रात्री सहा जणींची मानेखालची दाण्याची पिशवी चाचपून बघायचो. भरलेली असली की पोट भरलं. एका काळीची दोन रात्री रिकामी लागली. तिला जाळीमागं ठेवलं, पण सगळ्यांना दिसेल अशी. फार दिवस नजरेआड ठेवली तर ती परत नवखीच होते. जखमेवर या वेळी निळं औषध लावलं. लाल रंग झाकला की टोचायला कोणी धावत नाही.

आणि कारभारणीला तीन दिवस डालग्याखाली कोंडली. मार देणारीला बाहेर काढलं की खालच्या जणी थोड्या सरकून जागा धरतात. परत सोडली तेव्हा तिचा निम्मा तोरा उतरला होता.

एका मित्रानं चोच कापायचा सल्ला दिला. नाही कापली. उकिरडा उकरून किडे वेचणाऱ्या कोंबडीची चोच म्हणजे तिचं खुरपं. ते बोथट करून कसं चालेल?

तीन आठवडे नव्यांनी अंडं दिलं नाही, जुन्यांचंही कमी झालं. मग हळूहळू बसलं. माघात त्यांतली एक खुडूक झाली. ११ अंड्यांवर बसवली, एकविसाव्या दिवशी आठ पिल्लं निघाली. घार आणि बोक्यातून पाच वाचली.

पाडव्यानंतर ताई आल्या, लेकही बरोबर. मोजल्या. सहा, आणि वर पाच पिल्लं. मी माझी एक तलंग पुढं केली. पोरगी तिच्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "ही तिच्यासारखी नाही." पण घेतली उचलून. ताई म्हणाल्या, "पिल्लं झाली ते बरं झालं भाऊ. पण सातवी ती सातवीच." मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही.

त्या गेल्यावर माझ्या कोंबड्या दोन दिवस पुन्हा आपसात भांडल्या. उतरंडीतली मडकी काढली तरी ती हलते, हे तेव्हा कळलं.

पुढच्या दिवाळीला कोंबड्या आणीन, असं ताई जाताना म्हणाल्या. जाळी मी काढलेली नाही. तुमच्याकडं नवी कोंबडी मिसळताना काय करतात ते सांगा, मला अजून शिकायचंय.