जाता जाता
आईने सांगितलेल्या आठवणी मी रात्री जागून टाइप केल्या, तेवीस फाइली. वाचताना दिसलं, बऱ्याच ठिकाणी एकच शब्द दोनदा पडलाय: 'आहे आहे', 'आणि आणि'. म्हटलं, हाताने कोण शोधत बसणार? इंजिनिअर कशाला झालो! 'युनिक' इथे कामाचं नाही, ते लागोपाठच्या सारख्या ओळी काढतं, शब्द नाही. मग 'सेड': कंसात एक शब्द पकडायचा, पुढे स्पेस आणि बॅकस्लॅश एक, म्हणजे पुन्हा तोच शब्द. सापडला की एकदाच ठेवायचा. 'मायनस आय' लावून एंटर. क्षणात सगळं साफ.

संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. "तुझे आजोबा जाता म्हणाले..."

"जाता जाता रे. मी तसंच सांगितलं होतं."

झालं! कधी कधी, रडत रडत, सगळं 'सेड'ने गिळलेलं. नुसत्या 'मायनस आय'ने जुनी प्रत उरत नाही. त्याला चिकटवून 'डॉट बीएके' लिहिलं असतं तर उरली असती.

आता आधी 'ग्रेप'ने नुसतं बघतो, मग ठरवतो. आणि त्या फाइली? आईशेजारी बसून पुन्हा पुन्हा वाचतोय.