पुळणीतली ओल

रत्नागिरीजवळच्या भाट्याची जमीन पुळणवट. सह्याद्रीतून उतरून साखरपा, चांदेराई, हातीस अशी गावे मागे टाकत आलेली काजळी नदी इथे समुद्राला मिळते. नदीने आणि लाटांनी मिळून रचलेली ही वाळू आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण आमच्या आगरात सर थांबली की थोड्याच वेळात पायाला चिखल लागत नाही. पाणी खाली निघून जाते आणि जाताना घातलेले खतही घेऊन जाते. आषाढात चिंब भिजलेली हीच जमीन मार्गशीर्ष लागला की शिंपण मागू लागते. हवामान बदलाचा विषय निघाला की लोक आभाळाकडे बघतात. मला मात्र आधी नारळाच्या बुंध्याशी बसून हाताने वाळू उकरून बघावीशी वाटते. वीतभर खाली ती काळपट आणि थंड लागली, तर त्या झाडाची मला फारशी काळजी वाटत नाही.

ही काळपट झाक म्हणजे कुजलेला पाला. पुळणीत चिकणमाती जवळजवळ नसतेच, त्यामुळे पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवायला कुजलेल्या पाल्याशिवाय दुसरे काही नाही. तो पाला झाड स्वतःच पुरवते. बाणवली जातीचे चांगले झाड वर्षाला 12-13 झावळ्या टाकते. शिवाय वाळलेल्या पोयी, गळलेली बोंडे आणि नारळ सोलल्यावर उरणारी सोडणे. झाडाने जे खाली टाकले ते त्याच्याच मुळाशी गेले पाहिजे, हा माझ्या आगरातला पहिला नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. शिमगा झाला की किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांतून संध्याकाळी धुराचे लोट उठतात. आगर साफ करायचे म्हणून पातेरा, झावळ्या, सोडणे एका जागी ओढून काडी लावतात. ते पाहिले की जीव तुटतो. राखेतला पालाश मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वाळूतून निघून जातो आणि ज्या पाल्याने चार महिने ओल धरली असती, तो हवेत जातो.

सोडणांचे काम निगुतीने करावे लागते. पावसाच्या तोंडावर बुंध्यापासून सहा फुटांवर दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर खणायचा. त्यात सोडणे पसरताना खोलगट बाजू वर ठेवायची, म्हणजे प्रत्येकात पाणी साठते. एक थर सोडणांचा, वर माती, पुन्हा थर. सोडण स्वतःच्या वजनाच्या तीन-चार पट पाणी धरते आणि एकदा पुरलेली सोडणे पाच ते सात वर्षे कामी येतात. आळ्यात वरच्यावर आच्छादन म्हणून पसरायची असतील तर मात्र पाठ वर करायची, कारण तिथे उद्देश पाणी साठवण्याचा नसून जमिनीतली वाफ अडवण्याचा असतो. हे आगरात हाताखाली राबल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. झावळीचे हीर काढून घेतले की पाती कोयत्याने तोडून आळ्यात घालतो. गडग्याच्या कडेने गिरिपुष्प लावला आहे. त्याचा कोवळा पाला पावसाच्या सुरुवातीला आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास छाटून मुळाशी जातो. तो लवकर कुजतो, झावळी सावकाश कुजते. दोन्ही लागतात.

पाल्याने गेंड्या भुंगा वाढतो, असे मला नेहमी ऐकवले जाते. भीती खरी आहे, कारण हा भुंगा नारळाचा कोंब कुरतडतो. पण तो अंडी घालतो शेणखताच्या खड्ड्यात, ओल्या उकिरड्यात आणि कुजत पडलेल्या नारळाच्या खोडात. पातळ पसरलेल्या पाल्यात त्याची अळी पोसत नाही. म्हणून शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळावी, वादळात पडलेले खोड आगरात कुजू देऊ नये आणि कोंबात शिरलेला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढावा. भुंग्याच्या भयाने पाला जाळण्याचे कारण नाही.

ओलीसाठी एवढा आटापिटा का, ते नारळाच्या वाढीत दडले आहे. पोयीचा अंकुर झाडाच्या पोटात धरतो, त्यानंतर पोय बाहेर फुटायला साधारण 32 महिने लागतात आणि त्यातले नारळ पक्व व्हायला आणखी 12. म्हणजे आज पाडलेला नारळ जवळजवळ पावणेचार वर्षांपूर्वी सुरू झालेला असतो. मधल्या काळातला प्रत्येक कोरडा वैशाख आणि लांबलेला प्रत्येक पाऊस त्याने सोसलेला असतो. आंब्याचा मोहोर अवकाळी पावसाने गेला तर बागायतदाराला त्याच आठवड्यात कळते. नारळाचे दुखणे उशिरा दिसते आणि तोवर तो उन्हाळा लोक विसरूनही गेलेले असतात. उन्हाळे जसे लांबत आणि तापत चालले आहेत, तशी ही उधारी वाढत जाणार आहे.

भाट्यात 1955 पासून नारळ संशोधन केंद्र आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ 1972 मध्ये स्थापन झाले, त्याच्याही आधीपासून. आज ते त्याच विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे आणि त्याचे सारे काम आमच्यासारख्याच पुळणीत चालते, म्हणून तिथल्या शिफारशी मला विश्वासाच्या वाटतात. ‘लाखी बाग’ ही त्या केंद्राने कोकणाला दिलेली मोठी देणगी. नारळ 25 फुटांवर लावतात, एकरी सत्तरच्या आसपास झाडे. पण नारळाची कामाची मुळे बहुतांशी बुंध्यापासून सहा-सात फुटांच्या आतच असतात, त्यामुळे मधली तीन चतुर्थांश जमीन मोकळी राहते आणि उन्हाने भाजते. या जागेत चार नारळांच्या मध्यावर जायफळ, दोन नारळांमध्ये दालचिनी, खोडावर चढवलेली काळी मिरी आणि खाली केळ किंवा अननस, अशी ही रचना. लोक ती पैशासाठी करतात आणि ते योग्यच आहे. मसाल्याने घर चालते. मला तिचे मोल आणखी एका कारणासाठी वाटते. एकाखाली एक अशी तीन-चार पातळ्यांची पाने असली की चैत्रातल्या भर दुपारीही जमिनीवर ऊन थेट पडत नाही. पावसाचा थेंब पानापानावरून उतरत वाळूवर येतो, तिला झोडपत नाही. जायफळाला मुळात सावलीच हवी असते, ती नारळ देतो; जायफळाची पाने नारळाच्या मुळांवर सावली धरतात. एखाद्या वर्षी नारळावर संकट आले तरी बागायतदार उघडा पडत नाही.

अशा बागेत पांढऱ्या माशीचा उपद्रव झाला की लगेच फवारणीचा पंप बाहेर काढू नये. रुगोज चक्राकार पांढरी माशी भारतात पहिल्यांदा 2016 साली तामिळनाडूत पोल्लाचीला सापडली आणि पुढे काही वर्षांत कोकणात पोचली. पानाखाली मेणचट पांढरी वर्तुळे दिसतात आणि तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरून खालची केळ, मिरी, जायफळही काळवंडते. अशा वेळी मी भिंगाने पानाची खालची बाजू बघतो. माशीच्या कोषांना बारीक गोल भोके दिसली, तर एन्कार्सिया नावाचा अगदी लहान परजीवी कीटक आपले काम करतो आहे, असे समजावे. विषारी औषधाने तो आधी मरतो आणि माशी पुन्हा उसळते. पाण्याचा जोरदार फवारा, पिवळे चिकट सापळे आणि काळ्या बुरशीवर पातळ खळ मारणे एवढे पुरते. खळ वाळली की बुरशीचे पापुद्रे सुटून पडतात. यात धीर लागतो, खर्च फारसा लागत नाही.

पाण्याचे गणित किनाऱ्यावर वेगळे असते. पुळणीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. विहिरीची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे 40 पट खोलीपर्यंत गोडे पाणी असते, असा ढोबळ नियम आहे. उलट बाजूने पाहिले तर उपशाने पातळी एक फूट उतरली की खालचे खारे पाणी 40 फूट वर सरकू शकते. समुद्राची पातळी वाढत असताना मोठ्या अश्वशक्तीचे पंप लावून विहीर एका दमात उपसणे म्हणजे शेजाऱ्याचीही विहीर मचूळ करणे. ठिबकने झाडाला दिवसाला 40 लिटरच्या आसपास पाणी पुरते. आणि 1,000 चौरस फुटांच्या छपरावर इथल्या पावसाळ्यात पावणेतीन लाख लिटर पाणी पडते. ते गटाराने खाडीत सोडून देण्याऐवजी पन्हळीने शोषखड्ड्यात उतरवले, तर गोड्या पाण्याचा थर तेवढा तगतो.

वादळांपुढे मात्र एकट्याचे आगर पुरे पडत नाही. 2009 चे फयान, 2019 मध्ये रत्नागिरीसमोरच्या समुद्रात उठलेले क्यार, 3 जून 2020 चे निसर्ग, 2021 च्या मे महिन्यातले तौक्ते. निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडपासून श्रीवर्धनपर्यंत पिढ्यांच्या पोफळी आणि नारळ झोपवले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ सांगतात की अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्यातली वादळे वाढली आहेत. भाट्याचे सुरूबन वारा अडवते, त्याचे ऋण मी मानतो. पण सुरू इथला नव्हे. त्याच्या सुयांच्या थराखालून मर्यादवेल वर येत नाही, आणि पुढची वाळू समुद्राने ओढली की ती झाडे मुळासकट आडवी होतात. वाळू धरून ठेवणारी खरी मंडळी म्हणजे मर्यादवेल, केवडा आणि त्यांच्यामागे उंडी, करंज, भेंडी. दगडी बंधारा जिथे घालावा तिथली जमीन राहते, पण लाटांचा जोर त्याच्या टोकाशी जाऊन पुढची वाळू खातो. जिथे घरे अगदी लाटेच्या तोंडावर आहेत तिथे बंधाऱ्याला इलाज नाही. बाकी ठिकाणी हिरवी पट्टी आधी उभी करावी, असे माझे मत आहे.

खाडीच्या अंगाला हेच काम कांदळवन करते. पांढऱ्या चिप्पीला 2020 मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. भाट्याच्या खाडीत ती मुद्दाम लावण्यापेक्षा तिला भराव, कचरा आणि कुऱ्हाडीपासून दूर ठेवले तरी भरती तिच्या बिया आणून टाकते. ओहोटीला मुळे (शिंपले) वेचणाऱ्या बायकांचे पोट आणि खाडीकाठची आगरे, दोन्ही तिच्यावर आहेत.

बाणवलीचे झाड सहा-सात वर्षांनी धरू लागते आणि 80 वर्षे सहज उभे राहते. येत्या मृगात लावलेले रोप 2100 साली किनाऱ्यावर असेल, आणि तेव्हाचा समुद्र आजच्यापेक्षा वर असेल. म्हणून रोपे विचारायला येणाऱ्यांना मी सांगतो: पाण्याची हमी नसेल तर ठेंगू जातींच्या मागे लागू नका, बाणवली लावा. समुद्राकडची पट्टी नारळासाठी वापरू नका, ती केवड्याला आणि उंडीला द्या. आणि यंदा शिमग्यानंतर आगरात काडी लावू नका.