आपलंच कसलं, त्यांचं आहे ते!

पुणे,
गुरुवार रात्र

चि. केतकी,


तुझा मेसेज ताईने वाचून दाखवला, मग चष्मा शोधून मी तो स्वतः पुन्हा वाचला. विमानाच्या वेळा, टोबॅगोचं हॉटेल, श्रीरंगला शाकाहारी काय मिळेल, ‘साध्यापासून भारीपर्यंत चांगल्या जागांची यादी द्या’, इथवर सगळं ठीक. पण शेवटी काय लिहिलंस? ‘त्रिनिदादला तसं सगळं आपलंच खाणं आहे म्हणे, रोटी-चणे वगैरे. म्हणून एकदा भारी हॉटेलात जाऊ, बाकी जमेल तसं.’ माझी संध्याकाळ गेली त्या वाक्यात. ताई म्हणाली, एवढं काय त्यात. मग तिलाही ऐकवलं.

अगं, आपलंच कसलं? १८४५ साली ‘फतेल रझाक’ जहाज कलकत्त्याहून तिथे लागलं. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं करारावर उसाच्या मळ्यांत राबायला गेली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, काही मद्रासकडची. तुझ्या-माझ्या पणज्या तेव्हा घरच्या चुलीपाशीच होत्या. त्या बायकांनी परक्या बेटावर, मिळेल ती डाळ आणि तिथली जाळ मिरची घेऊन जे रांधलं, त्याच्यावर आपण कुठला हक्क सांगतो? मॉरिशसला हॉटेलच्या बुफेत ढोकळा खाऊन आलीस तेव्हा मी गप्प बसलो. या वेळी बसणार नाही. पॉइंट लिसासला नोकरी केलेल्या माणसाला विचारलं आहेस, तर आता ऐकून घे.

आधी ते साधं-भारी डोक्यातून काढ. तिथे खाणं घड्याळावर चालतं. सकाळी डबल्स. हळद घातलेल्या, फुगवून तळलेल्या मैद्याच्या दोन मऊ चकत्या, त्यांना म्हणायचं बारा. त्यांवर रश्शातले काबुली चणे, काकडी, चिंचेची चटणी आणि कुचला, म्हणजे कैरीचं लोणचं. हे कागदावर, उभ्याने. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउनच्या दीन कुटुंबाने हा धंदा सुरू केला आणि आज बँकेतला साहेब आणि गवंडी एकाच गाडीपाशी रांगेत असतात. कुरेपच्या नाक्यावर जा किंवा हॉटेलच्या दारवानाला विचार, त्याची ठरलेली गाडी असतेच. उठायला उशीर केलास तर चांगल्या गाड्यांचं भांडं रिकामं झालेलं असेल. विक्रेता ‘पेपर?’ विचारेल. ‘स्लाइट’ म्हण. ‘प्लेंटी’ म्हणायचं नाही, मालवणला तू ज्या सुरात ‘मला चालतं’ म्हणाली होतीस त्या सुरात तर अजिबात नाही. ती स्कॉच बॉनेट मिरची आहे. डबल्स पूर्ण शाकाहारी, म्हणजे श्रीरंगची न्याहारी सुटली. कंटाळला तर रोटीच्या दुकानात सकाळीच ‘सादा रोटी’ आणि भाजलेल्या वांग्याचा किंवा टोमॅटोचा चोखा मिळतो.

दुपारी ढालपुरी. वाटाण्याची डाळ भरडून आत भरलेली, रुमालाएवढी पोळी. तिच्यात बकऱ्याची करी किंवा चणे-बटाटा गुंडाळून हातात देतात. तुला पुरणपोळी आठवेल. आठवू देऊ नकोस! तसं झालं की माणूस पुढचे दोन घास आपल्या आईशी तुलना करण्यात घालवतो आणि त्या करीतला शॅडो बेनीचा वास त्याला लागतच नाही. शॅडो बेनी म्हणजे लांब, करवती पानाचं एक रोप. वास कोथिंबिरीचा पण दांडगा. मूळचं अमेरिका खंडातलंच. मसाला पाण्यात कालवून तेलात गडद होईपर्यंत परततात, हे ताईला सांगितलं तर ती म्हणेल जाळला. जाळलेला नाही, तसाच करतात.

बेटावर फक्त हिंदुस्थानी वंशाची माणसं राहत नाहीत, हेही तुझ्या वाक्यात हरवलं होतं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या वंशजांचं खाणं तितकंच मोठं आहे. पेलाव खा: तेलात साखर जवळजवळ काळी होईस्तोवर जाळायची, तीत कोंबडी घोळवायची, मग तांदूळ, तुरीचे ओले दाणे, नारळाचं दूध. रविवारी दुपारी कॅलालू, म्हणजे अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध घोटून केलेला गडद हिरवा प्रकार, सोबत मॅकरोनी पाय. ही सगळी माणसं एकमेकांच्या पानातलं जेवतात, आणि तू म्हणतेस आपलंच! मात्र श्रीरंगला सांग, कॅलालूत खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी असू शकते. विचारल्याशिवाय चमचा घालू नये. रास्ताफारी लोकांचं ‘आयटल’ जेवण दिसलं तर त्याला निर्धास्त बसव.

दक्षिणेला जाणार असलात तर संध्याकाळी डेबे. रस्त्याकडेला ओळीने टपऱ्या: सहीना, फुलौरी, कचोरी, आलू पाय. सहीना अळूच्या पानांचाच, पण अळूवडी मागायला गेल्यासारखं तोंड करू नकोस.

क्वीन्स पार्क ओव्हलवरून जाशील तेव्हा गाडी जरा हळू घ्यायला सांग. मार्च १९७१, सरदेसाईंच्या ११२ धावा, पदार्पणात गावसकरच्या ६५ आणि नाबाद ६७, आणि वेस्ट इंडिजवर आपला पहिला कसोटी विजय. शेवटच्या कसोटीत त्याच मैदानावर पोराने १२४ आणि २२० केल्या. तुझ्या आजोबांच्या रेडिओची गोष्ट तुला पाठ आहे, पुन्हा सांगत नाही. पण त्या लोकांनी काय केलं बघ. स्वतःच्या संघाला रडवणाऱ्या मुंबईच्या पोरावर लॉर्ड रिलेटरने कॅलिप्सो रचलं. मोकळेपणाने कौतुक केलं, हा आमच्याच वंशाचा म्हणून खिशात घातला नाही. पाहुण्याने असंच जेवावं असं माझं मत आहे, आणि ताई म्हणते तसं मी ते सगळीकडे घुसडतो. घुसडीन.

माराकसला बेक अँड शार्क खायला सगळे जातात, तूही जा. रिचर्ड्सची टपरी प्रसिद्ध आहे. तळलेल्या पावात तळलेला मासा, वरून लसणीचा, चिंचेचा, शॅडो बेनीचा सॉस आपल्या हाताने घ्यायचा. मला विचारशील तर किंगफिश माग. शार्कच्या कितीतरी जाती आता संकटात आहेत आणि चव तर सॉसचीच असते. तिथे जायचा रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने डोंगरातून काढलेला, वळणावळणाचा. चढावर थांबून अननसाचा चाव खा. मीठ, मिरची लावलेल्या फोडी असतात. पण गाडी श्रीरंग चालवणार असेल तर उजेडात परत फिरा. लोणावळ्याच्या घाटात त्याने काय केलं ते मी ताईला अजून सांगितलेलं नाही. आणि समुद्रात लाल बावटा दिसला तर पाय भिजवण्यापुरतंही उतरू नका, तिथे ओढ आहे.

आता तुझं भारी. हिल्टनला जेवलात तर जेवा, डोंगराच्या उतारावरचं ते हॉटेल उलटं आहे, स्वागतकक्ष वर आणि खोल्या लिफ्टने खाली. पाहायला मजा आहे. त्यापेक्षा कपोक हॉटेलच्या वरच्या मजल्यावर टिकी व्हिलेजमध्ये चिनी जेवण घ्या, खिडकीतून सव्हाना मैदान दिसतं. चिनी लोक बेटावर १८०६ पासून आहेत, तेव्हा तेही बाहेरचं समजू नकोस. आरिआपिटा अ‍ॅव्हेन्यूवर पांढऱ्या टेबलक्लॉथपासून फुटपाथवरच्या गायरोपर्यंत सगळं एकाच रांगेत आहे. शेवटी चॉकलेट घे. ट्रिनिटारिओ कोको याच बेटाच्या नावाचा. ताईसाठीही आण, तिच्या साखरेचं मी बघतो.

टोबॅगोत विमानतळापासून चालत स्टोअर बेला जा. मिस जीन्स, मिस ट्रिम्स, मिस एस्मीज अशा खोपटांतून खेकड्याची करी आणि डंपलिंग. हाताने फोडून खायचं, पांढरा कुडता नको. तिकडे स्पेसाइडला जेमाज बदामाच्या झाडाभोवती बांधलेलं आहे, समुद्रावर. निघण्याआधी फोन करून विचार. खर्चच करायचा तर ब्लॅक रॉकला सीहॉर्स इनमध्ये एक रात्र करा. मार्च ते ऑगस्टमध्ये त्याच किनाऱ्यावर मोठी कासवं अंडी घालायला येतात. मोबाइलचा दिवा त्यांच्यावर मारायचा नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटतंय, तुला नसतंच सांगितलं तर बरं झालं असतं. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अंधार पडला की पायी भटकायचं नाही. सव्हानाकाठी रात्री कॉर्न सूपच्या गाड्या लागतात, तिथे जायचंच तर हॉटेलने बोलावलेल्या टॅक्सीने, तिनेच परत. गळ्यातलं इथेच ठेव. पित्ताच्या गोळ्या हातातल्या बॅगेत घे, मोठ्या बॅगेत नको, त्या बॅगा कुठे जातात कुणास ठाऊक. तुझ्या पोटाचं मला ताईपेक्षा जास्त माहीत आहे. पहिल्या सकाळी एकच डबल्स. दुसऱ्यासाठी हात पुढे करण्याआधी अर्धा तास थांब.

तुझा
मामा

ता. क. – तू लेन्स लावतेस ते आत्ता लक्षात आलं. डबल्स खाल्ल्यावर बोटांना मिरची राहते आणि साबणाने एकदा धुऊन जात नाही. तिथे असेपर्यंत चष्माच वापर. श्रीरंगला वेगळं सांगतो, तू ऐकणार नाहीस.