गोलकीपरपासून सुरुवात

‘अगं, एकही लेख छापून आला नाही?’ आईनं विचारलं. पुण्यातली खोली सोडून धाराशिवला परत येऊन सहा महिने झाले होते. मुंबईतल्या मासिकांना रोज आयडिया मेल करायचे. उत्तर नाही. डोक्याचं पार भजं!

त्या रात्री कॉलेजच्या दिवसांतला एफसी गोवा आठवला. २०१६च्या आयएसएलमध्ये झिकोसारखा दिग्गज कोच असूनही टीम तळाला. २०१७ला स्पेनचा सर्जिओ लोबेरा आला आणि १८ लीग मॅचेसमध्ये ४२ गोल! एकट्या कोरोचे १८. आमच्या हॉस्टेलवर नुसता दंगा.

त्याचा फंडा काय? बॉल उंच उडवून नशिबावर सोडायचा नाही. गोलकीपरपासूनच छोटे छोटे पास. समोरचे अंगावर धावून आले की त्यांच्या मागे जागा मोकळी होते, तिथं घुसायचं. रिस्क होती, गोल खाल्लेही. पण टीम तिसरी आली.

मी मात्र रोज लांब किक मारत होते, थेट मुंबईला. सारिका काळेसारखी अर्जुन पुरस्कारविजेती खो-खोपटू देणाऱ्या जिल्ह्यात राहून मैदानावर कधी फिरकलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. मुलींशी बोलले. घरी येऊन दोन पानं लिहिली.

गॅरंटी कुणालाच नसते, बॉस. २०२०मध्ये गोव्यानं लीग शील्ड जिंकली, पण लोबेराला त्याआधीच घरी पाठवलं होतं. माझा लेखही अजून छापून यायचाय.

पण आई आता विचारते, ‘आज कुठं?’