नय आणि दुर्नय

३ फेब्रुवारी, परभणी
उरूस सुरू आहे. दर्ग्याच्या रस्त्याला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. भाचा मुक्कामाला आलाय. कृषी विद्यापीठात शिकतो, त्यामुळं कशाचाही उतारा विचारायची सवय. जेवताना म्हणाला, "मामा, ‘परभणी क्रांती’ भेंडी हळद्या रोगाला दाद देते की नाही, हे प्लॉटवर दाखवता येतं. अद्वैत खरं की द्वैत, हे कुठल्या प्लॉटवर दाखवणार? ज्याचं त्याला बरोबर, आणि काय!" पोरगं हुशार आहे. पण ‘आणि काय’ म्हणून वाद मिटवणं पटलं नाही.

५ फेब्रुवारी, जिंतूर
एसटीनं जिंतूर, तिथून रिक्षानं नेमगिरी. डोंगरातली जैन लेणी. दारं इतकी बुटकी की कमरेत वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. आत ताठ झालं की समोर भलीथोरली मूर्ती. पार्श्वनाथांच्या मूर्तीचा सगळा भार खालच्या लहानशा दगडावर तोललाय म्हणतात. भाचा तिथं गुडघ्यावर बसून बराच वेळ खाली बघत होता.

उतरताना त्याला अनेकान्तवाद सांगितला. वस्तूला अनंत बाजू, एका वाक्यात मावते एक. म्हणून विधानाआधी ‘स्यात्’, म्हणजे ‘एका अपेक्षेनं’. तो खूश. "म्हणजे मी म्हणत होतो तेच की!"

६ फेब्रुवारी
तेच नाही. जैन आचार्यांनी कुणाला चूक म्हणायचं सोडलं नव्हतं. एका बाजूनं पाहणं हा ‘नय’. हीच बाजू खरी, बाकी खोट्या, असा हट्ट धरला की ‘दुर्नय’. बौद्ध म्हणतात सगळं क्षणिक, वेदान्ती म्हणतात ब्रह्मच नित्य. जैनांच्या लेखी वस्तू टिकतेही आणि बदलतेही. दोघं पाहतात तेवढं बरोबर, नाकारतात तिथं चूक. आचार्य हरिभद्रांनी ‘षड्दर्शनसमुच्चया’त परक्यांची मतं नीट मांडली, चार्वाकालाही जागा दिली. तरी जगाचा कर्ता ईश्वर जैनांनी नेटानं खोडूनच काढला.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात वर्मावर बोट ठेवलं: सगळंच अनिश्चित, तर तुमचा सिद्धान्त तरी निश्चित कसा? जैन आचार्य समन्तभद्रांनी त्याआधीच सांगून ठेवलं होतं की अनेकान्तालाही अनेकान्त लागू आहे. म्हणजे आपलं माप आधी आपल्याला लावायचं. इंग्लंडच्या तत्त्वज्ञ एअरचं इथंच अडलं. १९३६ च्या पुस्तकात तो म्हणाला, जे व्याख्येनंच खरं नाही आणि अनुभवानं पडताळताही येत नाही, ते विधान निरर्थक. मग हे विधान कशानं पडताळायचं? प्लॉट नसला तरी दर्शन असं आपल्याच मापात नापास होऊ शकतं.

८ फेब्रुवारी
भाचा कुठूनतरी वाचून आला. "मामा, वाशिमकडच्या शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर दिगंबर-श्वेतांबर वादात १९८१ पासून २०२३ पर्यंत कुलपात होतं. हे तुमचे अनेकान्तवाले!"

टोला बसला. कुलूप निघालं तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. पण अनुयायी भांडले म्हणून तत्त्व खोटं ठरत नाही. त्याच तत्त्वानं त्यांना दोष देता येतो. ज्या तत्त्वानं अनुयायाचा कानही धरता येत नाही, त्याची मला जास्त भीती वाटते.

१० फेब्रुवारी
रात्री तो म्हणाला, "मग सगळ्यांतच थोडं थोडं खरं, असं धरून चालू."
विचारलं, "मनुस्मृतीतल्या जन्मावरच्या उच्चनीचतेतलं थोडं खरं कोणतं?"
गप्प बसला. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला दलित लोक गेले, तेव्हा अडवणाऱ्यांकडंही तत्त्वज्ञान होतं. ‘ज्याचं त्याला बरोबर’ म्हटलं असतं तर तळं त्यांच्याच ताब्यात राहिलं असतं. २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी तिथंच मनुस्मृती जाळली. एखाद्या विचाराला चूक म्हणण्याची याहून स्पष्ट रीत नाही.
"मग अनेकान्त इथं हरला?"
"नाही रे. दुसऱ्याची बाजू ऐकायच्या आधीच त्याला तळ्यावरून हाकलायचं, याहून मोठा दुर्नय कोणता?"